कोपराखाली चार बोटं

सिस्टर ओट्यापाशी उभ्या राहिल्या, बाळाला आंघोळ घालावी तसे दोन्ही हात पुढे केले आणि कमरेतून वाकल्या. मग आणखी वाकल्या.

"मिस्त्री, हा ओटा कुणाच्या मापाचा?"

मिस्त्री थापी पुसत होता. त्याने मान वर केली. सिस्टर उंच होत्या, पण इतक्याही नव्हत्या.

ही बाळंतपणाची खोली सगळ्या गल्लीने मिळून उभी केली होती. लढाईत दवाखाना पडला. लढाई संपल्यावर सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली. त्यांची वाट बघून कंटाळल्यावर लोकांनीच पडक्या घरांच्या विटा साफ केल्या आणि हातोहात इथवर आणल्या. बसगाड्याच उरल्या नाहीत म्हणून रिकामा झालेला कंडक्टर माल कालवायला शिकला. दार शाळेचं होतं, ओट्यावरची फरशी एका बंद खानावळीतली. बाहेर बाकावर दिवस भरलेली एक पोर भिंतीला टेकून बसली होती. तिला घरी जा म्हणायची सोय नव्हती, घर नव्हतंच.

"दिवसभर इथंच उभं राहायचंय मला," सिस्टर म्हणाल्या. "महिन्याभरात कंबर जाईल."

"मिस्त्रीने लांबचा विचार केलाय," कंडक्टर म्हणाला. "आज जन्मलेलं पोर चार वर्षांनी आपलं आपण येऊन इथं हात धुवेल."

विटा देणाऱ्या बायका हसल्या. मिस्त्रीच्या शेजारच्या काकू सगळ्यांत मोठ्याने.

"आम्हाला तर दोन दोनदा उभं केलं होतंत, मिस्त्री. कोपर वाकवा, सरळ उभ्या राहा, हलू नका. आमचे हे म्हणाले, हा ओटा बांधतोय का फोटो काढतोय?"

खरंच होतं ते. ज्या बाईचा ओटा, तिला उभं करायचं, कोपर वाकवायला लावायचं, कोपराखाली चार बोटं सोडून रेघ मारायची. गल्लीतल्या एकाही बाईला त्याने मापाशिवाय ओटा बांधून दिला नव्हता. काल सिस्टर औषधं आणायला गेल्या होत्या. त्याने दुसऱ्या कुणाला उभं केलं नाही की टेप काढली नाही. हात जिथे गेला तिथे रेघ मारली आणि वीट ठेवली.

काकूंनी टोपली खाली ठेवली. ओट्यापाशी येऊन फरशीवर तळवे टेकले आणि पीठ मळावं तसे पुढे-मागे केले. मग त्यांचे हात थांबले.

"हा ओटा माझ्या ओळखीचा आहे," त्या हळू म्हणाल्या. "तुमच्या घरी अशाच ओट्यावर किती वेळा पीठ मळलंय मी, मिस्त्री. माझी कंबर धरायची, आणि ती हसायची. म्हणायची, माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी बांधलाय, शेजारणींसाठी नाही."

कंडक्टरने हातातलं घमेलं आवाज न करता खाली ठेवलं.

मिस्त्री ओट्याजवळ गेला. फरशीची कड त्याच्या मांडीला लागली, जिथे लागायची तिथेच. कामावरून आला की तो असाच टेकून उभा राहायचा. "सरका, चटका बसेल," म्हणत ती त्याला कोपराने ढकलायची. बरगडीच्या जरा खाली. नेमकं कुठे, ते त्याने आताही बोट ठेवून दाखवलं असतं. गल्लीच्या ज्या टोकाला त्यांचं घर होतं, तिथे आता ना ओटा होता, ना भिंत, ना ती. तो रोज तिथून जायचा आणि रोज खाली बघत जायचा.

"राहू द्या, मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या. "वाकेन मी थोडी. होईल सवय."

त्याला 'बरं' म्हणायचं होतं. शब्द ओठावर आला होता. बाहेर पोरीला कळ आली. तिने बाकाची कड घट्ट धरली, आणि सिस्टर दारापर्यंत जाऊन तिला बघून आल्या.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "वाकलेल्या बाईच्या हातून भांडं निसटतं. इथं तर पोर असणार. उभ्या राहा, सिस्टर. कोपर वाकवा."

सिस्टर सरळ उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्या कोपराखाली चार बोटं धरली, आणि तिथून भिंतीवर रेघ मारली. रेघ बरीच वर होती. तो त्या रेघेकडे जरा वेळ बघत राहिला.

कंडक्टरने हातोडा उचलला. "फोडू? माल ओला आहे, चटकन निघेल. पहिल्यापासून बांध."

"फोडू नकोस. फरशी तेवढी उचलू. वरून थर चढवू."

"आणि खालचं?"

"राहू दे आत."

काकूंनी पदराने नाक पुसलं आणि दाराकडे तोंड करून हाक दिली, "विटा येऊ द्या गं."

विटा आल्या. मिस्त्रीने माल पसरला, थर लावला, ओळंबा धरून पाहिला. फरशी पुन्हा वर बसली तेव्हा बाकावरची पोर आत खाटेवर आली होती आणि कंडक्टर बाहेर उगाच येरझारा घालत होता. सिस्टर ओट्यापाशी आल्या, दोन्ही हात पुढे केले. वाकावं लागलं नाही.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या.

"माल ओला आहे. जपून ठेवा काय ते."

सिस्टर बाहेर चुलीकडे गेल्या. मिस्त्री फरशीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. कड आता त्याच्या कमरेच्या वर येत होती. सिस्टर गरम पाण्याचं पातेलं घेऊन आत आल्या. त्या 'सरका' म्हणाल्या नाहीत, तरी तो बरगडीखाली हात धरून एक पाऊल बाजूला सरकला.