आईचा पाच नंबर

डॉक्टरांनी आईचे पाय बघून लेकीला बजावलं होतं, "रुंद, मऊ तळाचे बूट घ्या. या घट्ट चपलांनीच कुरूपं झालीत, आणि अशाच धडपडतील एखाद्या दिवशी." म्हणून लेक आईबाबांना घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने पाय मोजला आणि म्हणाला, "सात नंबर."

आईचा पारा चढला. "सात? लग्नात पाच होता, आजही पाचच आहे! पाच असेल तर दाखवा, नाहीतर मी चालले."

"तिचं खरं आहे हो," पोटावरून हात फिरवत बाबा म्हणाले. "आमच्यात माप वाढत नाही कुणाचं. मी नाही का अजून चाळीसचाच शर्ट घालत?"

मग त्यांनी दुकानदाराला हळूच कोपऱ्यात नेलं. लेक बघतच राहिली. बाबांनी सातच्या बुटांतले स्टिकर नखाने खरवडून काढले आणि तिथे पाचचे चिकटवले.

आईने बूट घातले, दुकानभर ऐटीत फेरी मारली आणि दुकानदाराला ऐकवलं, "बघा, कसे मापात बसले! म्हणे सात!"

घरी येताना बाबा लेकीच्या कानात पुटपुटले, "भोळी आहे गं तुझी आई."



संध्याकाळी लेक खोलीत डोकावली, तर आई नवे बूट घालून खुर्चीत बसली होती आणि बाबांच्या नव्याकोऱ्या शर्टाच्या कॉलरमधली चव्वेचाळीसची पट्टी उसवून तिथे जुन्या शर्टाची चाळीसची शिवत होती.