सहा वाजताची भरती

"कणीक? समुद्रात कणीक लावली तू?" महादेवराव खाटेवरून फोनमध्ये ओरडले. "बह्यताड हायेस का बे? बोर धरण हाय का थे? पह्यल्याच लाटेत विरघळते कणीक!"

"मंग काय लावू काका?" तिकडून पुतण्या, पियुष. त्याच्या मागं एक लाट आली, फुटली आणि सरसरत मागं गेली.

महादेवरावांनी लाट पुरती जाऊ दिली, मग बोलले.

"कोळंबी. ताजी. डोकं मोड, गळ शेपटीकडून घाल, अन् वरून बारीक रबरी दोरा गुंडाळ. नाईतर तू फेकशीन तवा गळ जाईन समुद्रात अन् कोळंबी जाईन माहेरी."

पियुष हसला. "पाणी चढून राह्यलं काका. भरती हाय."

"मंग दोन पावलं मागं हो. रीलमध्ये खारं पाणी जाऊ नको देजो."

गावाचं नाव समुद्रपूर आणि समुद्र पार महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, ही थट्टा महादेवरावांनी जन्मभर ऐकली होती. पण त्यांनी समुद्र गाठला होता. पोस्टात नोकरी, गुहागरला बदली, बावीस वर्षं. दिवसा टपाल वाटायचं, संध्याकाळी बारा फुटी रॉड घेऊन वाळूत उभं राह्यचं. रिटायर होऊन गावी आले तेव्हा पेन्शनच्या कागदांआधी रॉड उतरवला त्यांनी एसटीतून.

दरवर्षी दिवाळीनंतर एक चक्कर असायची तिकडं. औंदा दिवाळीतच न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरनं सांगितलं, आता लांबचा प्रवास विसरा.

त्या दिवसापासून माणसानं भिंतीकडं तोंड केलं. चहा घेतला तर घेतला. भाकरीचं ताट जसं यायचं तसं परत जायचं. बायको कोकिळाबाई रोज नवीन भाजी करून पाहायच्या. पाटवडी झाली, झुणका झाला. शेवटी त्या चुलीपुढं बसून रडायच्या, आणि ते महादेवरावांना ऐकू यायचं.

मग आठ दिवसांमागं पियुषला गुहागरच्या एका हॉटेलात काम लागलं. जाताना म्हणाला, "काका, तुमचा रॉड नेऊ का?"

महादेवरावांनी कोपऱ्यातल्या रॉडकडं बराच वेळ पाह्यलं. "ने. पण रोज फोन करजो. लाटेपाशी उभा राहून."

तेव्हापासून रोज सहाला फोन. व्हिडिओ होत नव्हता, पियुष म्हणे किनाऱ्यावर नेटवर्क नाई. फोन झाला की महादेवराव दीड भाकर खायचे. कोकिळाबाई दारात उभ्या राहून घास मोजायच्या.

पह्यले दोन दिवस दोरीला बांधायच्या शिशाच्या वजनातच गेले.

"गोल शिसं काढून टाक. गोल शिसं लाटेबरोबर लोळत बसते, तुह्या बापासारखं. चार कोनाचं लाव, थे वाळूत रुतते."

"कुठं फेकू? जितकं दूर जाईन तितकं?"

"दूर फेकून काय मेडल भेटते का? लाटाईकडं पाह्य. एका जागी लाट फुटत नाई, पाणी जरा काळं दिसते. तिथं खड्डा असते. मासा त्या गल्लीनंच येते. डावा पाय पुढं, कमरेतून फिर, निस्ता हातानं झटका नको मारू."

एकदा पियुषनं विचारलं, "काका, तुमाले काऊन इतकं वेड लागलं याचं? घरचे तर मासे खात नाई."

महादेवराव छताकडं पाहत होते. "मासा भेटतेच असं नाई ना बेटा. पण दोरी बोटात धरून उभं राह्यलं का इतका मोठा समुद्र बोटाले येऊन लागते. मंग माणूस एकटा नसते." मग म्हणाले, "फोन जरा लाटेकडं कर."

पियुषनं केला. तीन लाटा ऐकल्या त्यांनी, डोळे मिटून.

आज फोन उचलला तोच पियुष किंचाळला, "काका! रॉड वाकला!"

महादेवराव कोपरावर उठले. खुब्यातून कळ गेली, तरी उठले. "ओढू नको! रीलचा ब्रेक ढिला कर! पळू दे त्याले!"

"लय जोर हाय!"

"लाट आत येईन तवा गुंडाळ. लाट मागं जाईन तवा थांब, निस्तं धरून राह्य. त्याच्यासंग भांडू नको, त्याले दमू दे."

फोनमध्ये पाणी उसळलं. पियुष धापा टाकत होता. मग एक मोठा छपाक.

"रावस! काका, चार किलोचा तरी असन! चांदीसारखा चमकून राह्यला!"

महादेवरावांचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत रावस दोनदा गळाला लागला होता, दोन्ही वेळा किनाऱ्यापाशी येऊन सुटला होता.

"हात ओले करून धर त्याले," ते हळूच म्हणाले. "गळ काढ. अन् सोडून दे."

"सोडून देऊ?"

"मी पाह्यला त्याले. आता जाऊ दे घरी."

फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं कोकिळाबाई ताट घेऊन आल्या. लुगड्याचा काठ ओला होता, तोंड लाल झालेलं. महादेवराव आज पूर्ण दोन भाकरी जेवले. वर वाटीभर वरण मागून घेतलं.

"लय खूश हाय पियुष," कोकिळाबाई म्हणाल्या. "उद्या करनच तो फोन."

"करन ना. मी वाट पाहीन." महादेवरावांनी हात धुतले, पुसले. "फक्त मागं गोठ्यात जाऊन सांगजो त्याले, तो गेला त्या दिवशी अष्टमी होती, तवा सहाची भरती बरोबर होती; पण भरती रोज पाऊण तास पुढं सरकते, आज पुनव, सहाले ओहोटी असते. तवा उद्या लाट जरा दुरून येऊ दे, अन् तू सुपात तूर नको घोळू, बारीक मूग घे. गुहागरची वाळू अशी खडखडत नाई."