चित्राची वरची बाजू
बु मार्सियमनं नवऱ्याचा लाडका पाळलेला होला पक्षी त्याला न विचारता भावाला देऊन टाकला, त्याला पाच महिने झाले होते. तेव्हापासून पाक तुकिजान बायकोशी एक अक्षर बोलला नव्हता. चहा हवा असला, तरी शेजारणीला हाक मारून निरोप द्यायचा. इंडोनेशियातल्या योग्याकार्तातलं देणग्यांवर चालणारं आधुनिक कलेचं संग्रहालय वस्तीतल्या घरांना महिनाभर चित्रं फुकट लावायला देत असे. बु मार्सियमनं तिथून निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं एक मोठं चित्र आणून भिंतीवर टांगलं. नवऱ्यानं वर पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. "अगं, आभाळ खाली नि शेत वर? उलटं लावलंयस!" "आभाळ कसलं? समुद्र आहे तो, वर ऊन पडलंय. तुम्हाला काय कळतंय चित्रातलं?" "आणि तुला कळतंय होय? रोज भात करपवतेस ती!" मग रोजच जुंपू लागली. तो चित्र फिरवायचा, ती पुन्हा फिरवायची. शेजारीण निरोपांतून सुटली. महिना संपल्यावर संग्रहालयातली वेनिंग चित्र न्यायला आली. "पोरी, वरची बाजू कुठली, तूच सांग हिला!" पाक अंगणातून ओरडला. वेनिंगनं चित्र उचललं. मागे वरची बाजू दाखवणारा बाण काढलेला होता. ती तोंड उघडणार, तोच बु मार्सियमनं तिचा हात घट्ट धरला. "बाण बघूनच उलटं लावलं गं मी," ती कुजबुजली. "सांगू नकोस. हे जिंकले, तर पुन्हा गप्प बसतील." वेनिंगनं चित्र परत टांगलं. "पाक, चित्रकारालाच विचारावं लागेल," ती मोठ्यानं म्हणाली, "आणि तो परदेशी गेलाय!"