इंजिनाला पावडर

“अगं, इंजिनाला पावडर? लग्नाला नेतेस का त्याला?”

बाबांच्या टोमण्याने माझा हात थांबला नाही. दसऱ्यापासून गाडीखाली रोज तेल साचत होतं. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, तशी बाबांनी गाडी विकायलाच काढली. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. आणि अठरा पूर्ण झाली की याच गाडीवर मी शिकणार होते!

पुसलेल्या इंजिनावर मी आईच्या पावडरचा अख्खा डबा उधळला. पांढऱ्यावर तेल लपणार कुठे? “बाबा, करा चालू!”

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. खाली काहीच नाही. मग वरून एक काळी रेघ हळूच ओघळली. चक्क तेल भरायच्या झाकणाखालून!

इंजिन बंद करून मी झाकण उघडलं. आतल्या रबराला झेंडूची पाकळी चिकटलेली.

“दसऱ्याला तेल कुणी भरलं होतं?”

“मीच. फुलं वाहता वाहता.” बाबांनी जीभ चावली.

पाकळी काढून मी झाकण घट्ट लावलं. गाडी पुन्हा चालू केली. रेघ नाही!

बाबांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. “नाही हो, विकायची नाही आता. पोरगी चालवणार आहे.”

मग माझ्याकडे वळले. “पावडरचं मात्र आईला तूच सांग.”