आज पहिलं कोण?

"डोकं फिरलंय सुनंचं, आन बोलायचं मी व्हय?" वळसंगचे हिंदुराव दर गुरुवारी एसटीत असे धुमसत बसायचे. बैलांच्या सणापासून, बेंदरापासून, सून शेवंताची वाचाच गेली होती. सोलापूरच्या डोक्याच्या डॉक्टरनं गोळ्या द्यायच्या सोडून अख्ख्या घरालाच बोलावलं. सासरा, नवरा, सून, सगळ्यांना सारख्या खुर्च्या. सासऱ्यासमोर सून खुर्चीवर! आणि डॉक्टर दर वेळी तेच विचारणार, "आज पहिलं कोण बोलणार?"

चौथ्या गुरुवारी शेवंताच बोलली. "माजी पोर तापानं फणफणली व्हती. दवाखान्यात न्यायला गाडी मागितली, तर मामंजी म्हनले, बेंदराच्या दिशी बैल जुपत न्हाईत. दुसऱ्या दिशी जुपले. तवर पोर गेली व्हती."

हिंदुराव ताडकन उठले. "बोलाया लागली की! बरी झाली. आता परत हितं यायचं न्हाय." शेवंताचा नवरा कोंडीबा खाली मान घालून बापामागं निघाला.

पुढच्या गुरुवारी सकाळची एसटी निघून गेली, पण घरातलं कुणी हललं नाही. हिंदुराव न्याहारीला बसले. शेवंतानं भाकरी वाढली नाही. ओसरीवरची त्यांची खुर्ची तिनं फरफटत आत आणली, त्यांच्या रिकाम्या ताटासमोर ठेवली आणि डोक्यावरचा पदर न सावरता वर बसली.

"माजं बोलून झालंय, मामंजी," ती म्हणाली. "आज पयलं कोन बोलनार?"