एकूण व्यत्यय

“ज्ञानाला भिंती नसतात,” मुकुलने जाहीर केलं. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या दवाखान्यात कुणाच्या तरी दाढेला ड्रिल लागलं, आणि हे वाक्य त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.

मार्तंडरावांनी दोन्ही वेळा मान डोलावली. मुलुंड स्टेशनसमोरच्या त्या दहा बाय बाराच्या ऑफिसात मुकुल दुकानदारांना वेबसाइट आणि क्लासवाल्यांना ऑनलाइन शिकवण्या उभ्या करून देत असे. मार्तंडरावांचं ना दुकान होतं, ना क्लास. क्लास त्यांच्या बायकोचा, कुंदाताईंचा. दहावीचं गणित. लॉकडाउनमध्ये मुलं येईनात तेव्हा बाईंनी हॉलमध्ये फळा टांगला, रव्याच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि साठ धडे रेकॉर्ड केले. बाईंना जाऊन आता दीड वर्ष होत आलं होतं. आईचे धडे जगभर जावेत ही लेकीची, अस्मिताची इच्छा. ती बंगळुरूला, म्हणून होकार द्यायला बाबांना पाठवलेलं.

मुकुलने आधी बरंचसं इंग्रजीत सांगितलं, मग त्यातलं थोडं मराठीत. सार एवढंच, की आजचं मूल सात सेकंदांच्या वर थांबत नाही, आणि कुंदाताईंच्या धड्यांत दर दोन-चार मिनिटांनी व्यत्यय होता. ‘अहो, गॅस बारीक करा.’ ‘अहो, दूध बघा.’ हाकही एकदा मारून भागत नसे. दुसरी जरा वरच्या पट्टीत, तिसरी चिडून. एकदा तर वर्गसमीकरण अर्ध्यावर टाकून, ‘अहो, शिट्ट्या किती झाल्या?’ गणिताच्या बाईंनी शिट्ट्या दुसऱ्याला मोजायला लावाव्यात, हे क्लासच्या नावाला बरं दिसत नव्हतं.

तर साठ धड्यांतले सगळे ‘अहो’ मुकुलच्या माणसांनी वेचून काढले होते, तांदळातले खडे काढावेत तसे. त्यांच्या यादीच्या शेवटच्या पानावर बेरीजही होती. एकूण व्यत्यय : एकेचाळीस मिनिटं.

त्याने नमुन्याला एक धडा लावला. पडद्यावर कुंदाताई बोलत होत्या. सलग, कुणालाही हाक न मारता. लग्नाच्या अडतीस वर्षांत मार्तंडरावांनी त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं. एके ठिकाणी त्यांनी मान डावीकडे, स्वयंपाकघराकडे वळवली, ओठ उघडले. आणि चित्र टुणकन पुढे गेलं. मान पुन्हा समोर. हातात खडू.

“दिसतोय का कुठे जोड?” मुकुलने विचारलं.

“नाही,” मार्तंडराव म्हणाले.

शेजारचं ड्रिल थांबलं होतं. मुकुलने टॅब पुढे सरकवला. इथे बोट टेकवलं की धडे आजच सुरू होणार, आणि मूळ फाइली पुसल्या जाणार. उगाच जागा अडवून बसल्यात. मार्तंडरावांनी बोट उचललं. ते तसंच वर राहिलं.

“काही बदलायचंय का, काका? रंग? फोटो?”

“रंग छान आहे.” त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. “धडे जाऊ देत जगभर. पोरं पास होतील. फक्त ते तुम्ही काढून टाकलंत ना, एकेचाळीस मिनिटं, तेवढी मला वेगळी द्याल?”

त्यात काहीच नाहीये हो काका, नुसतं मधलं मधलं आहे, असं मुकुल समजावू लागला. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खण उघडून तो रिकामा पेनड्राइव्ह शोधू लागला.

“आणि आवाज जरा वाढवून द्या,” मार्तंडराव म्हणाले. “मला पहिल्या हाकेला ऐकू येत नाही.”