सगळ्यात वरची ओळ

जुन्या जालन्याच्या गल्लीत ट्रक शिरला तो अर्धी गल्ली अडवूनच उभा राहिला. आत सुरतेच्या साड्यांचे गठ्ठेच गठ्ठे. भागचंद सेठांनी तर त्या मागवल्याच नव्हत्या.

मागवल्या होत्या दुकानाच्या एजंटनं. सेठजी फोनवर बोलायचे आणि हा कॉम्प्युटरमधला गडी कामं उरकायचा. माल मागवायचा, शटर पाडायचा, गिऱ्हाइकाला निरोप द्यायचा, नोकरांना कामावर ठेवल्या-काढल्याचे कागदसुद्धा करायचा. कोणतं काम कधी करायचं आणि कधी हात लावायचा नाही, हे त्याला लिहून द्यायची तृप्ती. आष्टीची पोरगी. पुण्यातली नोकरी सुटली तेव्हा इथं वर्षाच्या बोलीवर लागली होती, आणि ते वर्ष आता सरत आलं होतं. पुढे ठेवलं नाही तर परत आष्टी. तिथं जिभा परजून माणसं बसलेलीच. मोठी शहाणी पुण्याला गेल्ती, हे तिनं एकदा ऐकून घेतलं होतं. दुसऱ्यांदा ऐकायची तिची तयारी नव्हती.

घोळ झाला तो एका शब्दानं. रोज नोकराला म्हणायचे तेच दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी सेठजी एजंटला म्हणाले, चल, दुकान वाढव. आता व्यापाऱ्याच्या घरात 'दुकान बंद कर' असं कुणी बोलतं का? लक्ष्मी रुसेल ना. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं की वाढव म्हणजे बंद कर. पण एजंट काय या गल्लीत वाढलाय? त्यानं दुकान खरंच वाढवलं.

सेठजींचा पुतण्या अर्पित तिला सगळ्यांदेखत फाडफाड बोलला. हेच काम माझा पुण्याचा मित्र झोपेत करेल, असंही वर म्हणाला. सेठजी मात्र चष्मा पुसत बसले. त्याचीच तृप्तीला जास्त धास्ती वाटली. शेवटी एवढंच म्हणाले, "आणि बाई, तो गडी सारखा इचारत राह्यतो, नक्की ना, नक्की ना. डोकं उठवलं त्यानं माझं."

तिनं सगळं लिखाण पुन्हा काढलं. प्रत्येक कामाचं वर्णन घासूनपुसून सरळ केलं. 'वाढव म्हणजे बंद कर' ही ओळ आधी शटरच्या कामात टाकली. मग तिला वाटलं, गोदामालाही सेठजी वाढव म्हणतात, दिव्यांनाही म्हणतात; तेच ते जागोजागी कशाला लिहा? तिनं ती ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली, म्हणजे सगळ्याच कामांना लागू. खाली लिहिलं, सेठजींना उलट विचारू नये, सांगितलं की करावं.

मग कसं सगळं बराबर चाललं. सेठजी तोंड उघडायचे आणि शटर खाली यायचं, दिवे विझायचे. साड्यासुद्धा लग्नसराईत हातोहात गेल्या. सेठाणी भंवरीबाई डब्यात बाटी पाठवायच्या आणि म्हणायच्या, पोरीनं गड्याला वळण लावलं. तृप्तीला हायसं वाटलं. एका दुपारी जिवाचा हिय्या करून तिनं सेठजींना पुढच्या वर्षाचं विचारलं.

"बघू," सेठजी म्हणाले आणि आत निघून गेले.

व्यापाऱ्याच्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय, हे सांगायला लागत नाही. तरी तिनं आशा सोडली नव्हती. शनिवारी फोन वाजला, मेसेज होता. भागचंद सेठ यांच्या सांगण्यावरून तुमचं काम आजपासून संपलं आहे, आभार. खाली दुकानाचं नाव.

तिला आधी खरंच वाटेना. मग रडू आलं, आणि रडून झाल्यावर संताप. तिनं अर्पितला फोन लावला. त्याला काही माहीत नव्हतं, पण तो म्हणाला, काका बोलत नाहीत मॅडम, मनात ठेवतात. ट्रक ते विसरले नसतील. तेवढं तिला पुरलं.

सोमवारी ती दुकानात गेली तेव्हा गादीवर गिऱ्हाइकं बसलेली. तिनं आपल्याकडची गोदामाची किल्ली सेठजींच्या पुढ्यात टाकली.

"तोंडावर सांगितलं असतं तर मी गुमान गेले असते, सेठजी," ती म्हणाली. "पण माणसाला काढायला तुम्हाला मशीन लागलं. एवढीही हिंमत न्हाई, आन् म्हणं अब्रूदार घराणं. माझं लिहिलेलं सगळं मी पुसलंय. आता बसा त्याच्याशी बोलत."

गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. जन्मात त्या माणसाला भर दुकानात कुणी असं बोललं नव्हतं. भंवरीबाई आतून आल्या होत्या, त्या तिथंच दारात थबकल्या. तृप्तीला एकदम मोकळं वाटलं, आणि ती वळली.

"तुला कुणी काढलं, बेटा?" मागून सेठजींचा आवाज आला. "मी तर शनिवारी त्याला एवढंच म्हणल्तो, तृप्तीबाईचं काम वाढव."